बदलीसाठी प्रार्थना

नगरची रिबेका पाटोळे बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नर्स होती. नवरा आणि शाळकरी लेक मात्र शंभर मैलांवरच्या ब्रॅकनेलला, नवऱ्याच्या आयटी कंपनीजवळ राहायचे. तिकडे नोकरी मिळावी म्हणून ती दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकायची. तिथल्या मूठभर म्हाताऱ्यांसाठी ऑर्गनही तीच वाजवायची. मुलाखती होत राहिल्या, नकार येत राहिले.

एका शनिवारी लेक फोनवर म्हणाली, "मम्मी, तू नको येऊ. तू परत गेली की मला जास्त रडू येतं."

रिबेकाने फोन ठेवला आणि ठरवलं, उद्याचा रविवार शेवटचा. जो ऐकतच नाही, त्याच्यापुढे किती हात पसरायचे?

उपासना संपल्यावर तिने ऑर्गनचं झाकण लावलं आणि शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध डोरीनबाईंना सांगून टाकलं, "मी यापुढे येणार नाही. देव माझी प्रार्थना ऐकत नाही."

डोरीनबाईंनी घाबरून तिचा हात धरला. "असं म्हणू नकोस गं! तो ऐकतो. हा ऑर्गन कित्येक वर्षं मुका होता. वाजवणारं कुणीतरी पाठव म्हणून आम्ही मागत होतो, आणि तू आलीस. तेव्हापासून आम्ही सगळे दर रविवारी एकच मागतो, ही इथून कुठेही जाऊ नये."

रिबेकाने बाकांवरच्या त्या पांढऱ्या डोक्यांकडे पाहिलं.


आयुष्यात पहिल्यांदाच तिला देवाची दया आली.