कानपिळी

रामकिसन मारुतीच्या पायरीवर बसला होता. अंगात हळदीनं पिवळी झालेली बंडी, कपाळाला मुंडावळ्या. पोरीचा भाऊ नवे कपडे घेऊन यायचा होता. ते चढवायचे, मग घोडं, मग मांडव. औरंगपुऱ्याच्या त्या बोळीत घोडं आडवं उभं होतं अन् दोन्हीकडून रिक्षावाले हॉर्न बडवत होते.

"कित्ता टाइम, भाई?" घोडेवाला वरडला. "घोडा गरम होरा."

"हितं नवरदेव थंड पडलाय," श्रीधर म्हणला. "घोड्याची जराशी गरमी ह्याला दे."

त्याच्या जोकवर तो एकटाच हसला.

बन्सी खांबाला टेकून उभा होता. चितेगावला रातपाळी करून तसाच आलेला, डोळे तांबडे. त्याचं लगीन व्हायच्या आधी तो, श्रीधर अन् रामकिसन तिघं एकाच खोलीत राह्यचे. एकाच तव्यावरच्या जळक्या भाकरी खायचे.

"सांगितलं का?" बन्सीनं विचारलं.

रामकिसननं मान हलवली. नाय.

"कंपनीच्या गेटवर कार्ड काढून घेतलं तुझं. पोरीच्या घरी कोणालाच माहीत नाय?"

"ब्रेक दिलाय रे," श्रीधर मधेच बोलला. "काढलं नाय. कॉन्ट्रॅक्टवाल्या सगळ्यांनाच देतेत. दिवाळीनंतर घेतील परत."

"घेतील?"

श्रीधर घोड्याकडं बघायला लागला. "लगीन तर होऊ दे, मंग बघू. खरं सांगत बसलं तर आपल्यातल्या एकाचंबी होणार नाय."

"मी थकलो, बन्सी," रामकिसन म्हणला. "लोकाच्या घरचे पोहे खाऊन थकलो. सगळीकडं तोच सवाल, पोरगा काय करतो. एकदा कोणीतरी व्हय म्हणलं."

"तुला नाय म्हणलं. गळ्यातल्या कार्डाला म्हणलं."

रामकिसनचं डोकं सटकलं. "तुला काय जातंय बोलायला? बायको हाय, लेकरू हाय. तुझं झालंय सगळं."

बन्सी खांब सोडून त्याच्याजवळ येऊन बसला. बसताना गुडघ्यावर हात दाबला, म्हाताऱ्यासारखा.

"सरू माझ्याच घरी हाय अजून," तो म्हणला.

सरू त्याची बहीण. तिचा नवराबी कंपनीत होता म्हणे. लगीन झालं अन् कळलं, कंपनीबिंपनी काहीच नव्हती.

"तिच्या नवऱ्याची कॉलर कोणी धरली होती, रामकिसन?"

रामकिसन मुंडावळ्या सारख्या करायला लागला.

"मी तर दारात रडत उभा होतो. तू धरली. माझ्या बहिणीला फसवतो का, म्हणला. तुझी बहीण नसून."

"त्याच्यात अन् माझ्यात फरक हाय."

"तोबी असंच म्हणला होता."

लग्नात पोरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ म्हणून. हसत हसत पिळतो, फोटो निघतो, मानाचे कपडे घेऊन मोकळा होतो. बन्सी हसला नाय. त्यानं रामकिसनचा कान धरला अन् पार मुळापासून पिळला. रामकिसनच्या डोळ्यात पाणी आलं, पण त्यानं कान सोडवून घेतला नाय.

"तुझ्या मेव्हण्याला माहीत नाय कशासाठी पिळायचा," बन्सी म्हणला. "मला माहीत हाय."

मग उठला, परत खांबाला टेकला अन् डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पोरीचा भाऊ कडूबा पळत आला. घामानं भिजलेला, सुटाची पिशवी छातीशी धरलेली.

"उशीर झाला, दाजी. पिशोरहून येताना जीपमधी चुरगळला सूट. तुम्हाला असा कसा घालू? पुन्हा इस्त्री करून आणला." मग तो वाकून बघायला लागला. "आवो, कान लाल कशानं? माझ्या आधी कोणी पिळला?"

"मस्करी हो दोस्तांची," श्रीधर घाईनं म्हणला. "काढा, काढा कपडे. टायम चाललाय."

कडूबा हसत पिशवीची चेन उघडायला लागला. रामकिसननं त्याचा हात धरला. पायरीवर जरा बाजूला सरकला, एक माणूस बसंल एवढी जागा केली.

"थांब, कडूबा. उघडू नको अजून. बस हितं."

कडूबा बसला. पिशवी मांडीवर. तोंडावरचं हसू अजून तसंच होतं.

बोळीतून बँडवाला वरडला, "चालू करू का?"

बन्सीनं डोळे न उघडताच हात वर केला. थांब म्हणून.