मिनिटभर अंधार

मुलांनो, अशी कल्पना करा, की दोनशे पायऱ्या उतरून तुम्ही जमिनीखालच्या गुहेत उभे आहात. तिथला गाईड खरा अंधार कसा असतो ते दाखवायला रोज मिनिटभर दिवे मालवायचा. त्या दिवशी पाहुण्यांबरोबर त्याची सहा वर्षांची लेकही आली होती.

"बाबा, दिवा लाव ना," अंधारात ती हळूच म्हणाली.

"गाईडची पोर आणि भित्री भागूबाई?" तो म्हणाला.

सगळे हसले. त्याने मिनिट पुरं केलं.

दिवे लागले, तेव्हा लेक एका अनोळखी बाईंना घट्ट बिलगून उभी होती. "चुकलंच माझं. चल, वर जाऊ," म्हणत त्याने हात पुढे केला.

लेकीने बाईंचं बोट धरलं आणि विचारलं, "मावशी, मी तुमच्याबरोबर चढू?"