पोलक्याचे टाके

"शब्बाथच्या दिवशीसुद्धा या पोरींच्या अंगाचा तंबाखूचा वास जात नाही," फ्रुमे नाकाला रुमाल लावून कुरकुरली. "माणसानं बसायचं तरी कुठं?"

"तुझ्या नवऱ्याच्या दाढीला तोच वास येतो," झेल्दा म्हणाली. "तिथं बरी शेजारी बसतेस."

फ्रुमेनं रुमाल कमरेला खोचला. शनिवार, शब्बाथचा विसाव्याचा दिवस; ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगच्या माडीवर, बायकांच्या बाजूला, आज खरंच जागा नव्हती. सिगारेटच्या कारखान्यातल्या झाडून साऱ्या पोरी आल्या होत्या, आणि एकीचंही लक्ष प्रार्थनेत नव्हतं. झेल्दानं लाकडी जाळीला डोळा लावला. खाली पुरुषांच्या पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक झुस्मान, ज्यांना सारं गाव मानानं 'रेब' म्हणे, आणि शेजारी वॉर्साहून आलेले त्यांचे नवे व्याही.

झेल्दाला रेब झुस्मानबद्दल आदर होता. स्वित्झर्लंडला साऱ्या जगातल्या ज्यूंची मोठी सभा झाली, तिथून परतल्यावर ते इथंच उभं राहून पॅलेस्टाइनबद्दल बोलले होते. आपली जमीन, आपली माणसं, कुणापुढं मान खाली घालायची नाही. झेल्दा रुमाल भिजेपर्यंत रडली होती. तिची मुलगी हिंदे मात्र घरी येऊन म्हणाली, "मान वर करायला एवढ्या लांब कशाला जायचं? कारखान्यापासून सुरुवात करा म्हणावं." मजुरांच्या चोरट्या बैठका जंगलात भरत, तिथून ती असलं काहीबाही शिकून यायची.

हिंदे रेब झुस्मानच्याच कारखान्यात सिगारेटी वळायची. कुणी तंबाखू चोरून नेऊ नये म्हणून सुटताना दारात मुकादम झडती घेई. म्हणून रोज सकाळी हिंदे पोलकं घागऱ्याला शिवून घ्यायची, जाड दोऱ्यानं, बारीक टाक्यांनी. रोज संध्याकाळी झेल्दा ते टाके उसवायची. कधी ते जागेवर असत, कधी तुटलेले. मायलेकी त्यावर अवाक्षर काढत नसत. गावात किती घरांतून संध्याकाळी असे टाके उसवले जात होते, आणि कुठलीच आई बोलत नव्हती. पोरींची लग्नं व्हायची होती.

"कामाचे तास कमी करून माग," आज निघताना झेल्दानं बजावलं होतं. "दुसरं काही बोलू नकोस."

"बघू," हिंदे म्हणाली होती.

खाली तोराहची, धर्मग्रंथाची, गुंडाळी वाचनासाठी मेजावर उलगडली आणि त्याच वेळी माडीच्या जिन्यावर पावलं वाजली. हिंदे पुरुषांमधून वाट काढत थेट मेजापाशी गेली आणि तिनं त्यावर हात आपटला.

"वाचन थांबवते."

एकच गलका झाला. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं वाचन अडवावं, आणि त्याचं ऐकून घेतल्याशिवाय वाचन पुढं सरकू नये, ही रीत जुनी. पण ती चालवायची एखाद्या विधवेनं, एखाद्या अनाथानं. कारखान्यातल्या पोरीनं?

म्हाताऱ्या रब्बींनी हात वर केला. "हक्क आहे तिचा. बोल, पोरी."

"दहा तास काम. त्याच्यावर एक घटका नाही. मी एकटी नाही मागत, वर बसल्यात त्या सगळ्या मागतायत."

रेब झुस्मान हसले आणि लाडाच्या नावानं हाक मारत म्हणाले, "हिंदले, तुला मी पाळण्यात पाहिलंय. आपण सारे एकच ना? घरातलं घरात मिटवू. बाहेर पोलिसांच्या कानावर गेलं तर?"

"एकच आहोत म्हणून तर इथं आले," हिंदे म्हणाली. "नाहीतर पोलिसांकडंच गेले असते."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. व्याही दाढी कुरवाळत छताकडं बघत राहिले. वेळ जाऊ लागला. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून बेकरीच्या भट्टीत अख्ख्या गावाच्या हंड्या कालपासून मुरत होत्या.

"द्या हो, रेब झुस्मान," मागून आवाज आला. "आमची हंडी करपेल."

रेब झुस्माननं व्याह्यांकडं पाहिलं, रब्बींकडं पाहिलं. "दिले," ते म्हणाले. "दहा तास. रब्बी साक्षीला."

माडी दणाणली. पोरींनी पायांनी फळ्या बडवल्या. फ्रुमेनं शेजारच्या पोरीला मिठीच मारली, तंबाखूच्या वासासकट. वाचणाऱ्यानं चांदीची काडी पुन्हा अक्षरांवर टेकवली.

हिंदेनं मेजावरचा हात काढला नाही.

"अजून एक आहे," ती म्हणाली.

आणि तिला पुढं बोलता येईना. तिचा दुसरा हात कमरेशी गेला, रोज टाके असतात तिथं. शब्बाथला शिवण नाही, आज टाके नव्हते. पुरुष एकेक करून आपापल्या पुस्तकात बघू लागले. सगळ्यांना ठाऊक होतं.

"उरलेलं उद्या बोलू," रेब झुस्मान मवाळपणे म्हणाले.

हिंदेची मान हळूहळू खाली जाऊ लागली. जाळीतून झेल्दानं ते पाहिलं आणि ती उठून उभी राहिली.

"बस गं," फ्रुमेनं तिचा घागरा ओढला.

"हिंदे, मान वर कर," झेल्दा म्हणाली. साऱ्या सिनेगॉगला ऐकू गेलं. "रेब झुस्मान, मी झेल्दा, हिची आई. रोज संध्याकाळी हिच्या पोलक्याचे टाके मी उसवते."

"मीही उसवते," मागून कुणाची तरी आई म्हणाली. बाक करकरला. मग दुसरा, मग तिसरा. घागरा ओढणारा फ्रुमेचा हात सुटला, आणि तीसुद्धा उभी राहिली.

"तुमचं भाषण ऐकून मी रडले होते," झेल्दा म्हणाली. "तुमच्या त्या देशात मी उद्या पायी यायला तयार आहे. फक्त एवढं सांगा. तिथंही कारखाना सुटला की तुमचा मुकादम दारात उभा राहून आमच्या पोरींच्या पोलक्यात हात घालणार आहे का?"