फोर-व्हीलचा दांडा

पुढचे ब्रेक लागेनात म्हणून मालकाने जुनी फोर-व्हील पिकअप गॅरेजात आणली. त्याच्या तोंडाला मात्र ब्रेक नव्हता. “कितीही चिखलात रुतू दे, फोर-व्हीलचा दांडा ओढला की चारही चाकं जोर लावतात आणि गाडी बाहेर! त्यासाठी छाती लागते.” स्टुलावर त्याची बायको बुटांवरचा वाळलेला चिखल खरवडत बसली होती. मिस्त्रीने मानही वर केली नाही. असले शूरवीर तो रोज ग्रीसबरोबर पुसून टाकायचा. ब्रेकसाठी त्याने पुढचं चाक उतरवलं, मधलं झाकण उघडलं, आणि ॲक्सलच्या जागी रिकामं भोक दिसलं. दुसऱ्या चाकातही तेच. “साहेब, पुढची चाकं फिरवणारा ॲक्सलच आत नाही. इतकी वर्षं दांडा ओढून नुसता दंडाचा व्यायाम केलात.” “काहीतरीच! मग गाडी चिखलातून निघायची कशी?” मालक खेकसला. बायकोने बूट आपटला. “अहो, मागून मी काय आभाळ ढकलत होते?”