प्लास्टिकखालची सायकल

"ती प्लास्टिकखालची दाखवा," ती म्हणाली.

इरशादने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लाल सायकलची सीट अर्धा इंच वर घेतली. गेल्या तासाभरात त्याने तिला तीन सायकली दाखवल्या होत्या. तिन्ही हलक्या, गिअरच्या, डांबरी रस्त्यावर लांब पल्ल्याला चालणाऱ्या. ती प्रत्येकीवर बसली, एसटी डेपोपर्यंत जाऊन आली आणि दर वेळी उतरताना तिची नजर मागच्या भिंतीकडे गेली.

कणकवलीत इरशादच्या दुकानाची एक ख्याती होती. गिऱ्हाईक आलं की तो आधी टेप काढून पाय मोजायचा, मग हात, मग रोज किती चालवणार आणि पाठ दुखते का, याची चौकशी करायचा. सायकली सोडून याने कपडे शिवायला घ्यावेत, असं त्याची बायको सनोबर म्हणायची.

या बाईने नाव नुसतं प्राजक्ता एवढंच सांगितलं होतं. राहायला वालावलला, ऑफिस कुडाळात. रोज येऊन-जाऊन पंचवीस किलोमीटर, आणि रविवारी सावंतवाडीच्याही पुढे जायचा विचार होता. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं आणि स्वच्छ. इरशादही मग तिच्याशी ऑफिसातल्यासारखं मराठी बोलू लागला. दोन्ही कामं एकाच सायकलवर करायची तर हँडल जरा उंच हवं, टायर थोडे जाड हवेत, असं त्याने समजावलं. मऊ सीट दुकानात बरी वाटते, पण चाळीस किलोमीटरनंतर वैरीण होते. प्राजक्ता मान हलवत होती. हे सगळं तिने आधी कोणाकडून तरी ऐकलं असावं, असं त्याला वाटलं. किंमत मात्र तिने एकीचीही विचारली नव्हती.

"मला ती प्लास्टिकखालची निळीच हवी," ती पुन्हा म्हणाली. "आमच्या घरी तसलीच होती. शंभर किलोमीटर गेलं तरी पाठ दुखत नाही, म्हणायचे."

ती कोणीतरी सांगून ठेवलीय, असं इरशादने ठोकून दिलं. मग तिच्यावर एवढी धूळ कशी, असं तिने विचारलं. तेव्हा तो म्हणाला की ती तुमच्या मापाची नाही. तिने शांतपणे माप घ्यायला सांगितलं. त्याने घेतलं, आणि ते तंतोतंत जुळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या टेपचा राग आला.

त्या सायकलीत काय खोट आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण एक गोष्ट सांगितली की माणसं दुसरी विचारतात. उन्हाळ्यात तसल्या दोन आल्या होत्या. एक मे महिन्यातच गेली, ही राहिली. गेलेलीचा विचार मनात आला की इरशाद उठून काहीतरी कामाला लागायचा. आता शिमगा आठवड्यावर आला होता आणि त्याने पावसाळ्यापासून दुकानातलं कुठलंच काम मागे ठेवलेलं नव्हतं.

लाल सायकल आपण खरेदीच्या भावात देतो, असं तो म्हणाला. वर दिवा आणि मागची पिशवीही फुकट देऊ केली. असा सौदा त्याने सख्ख्या मेव्हण्यालाही दिला नसता. प्राजक्ताने ऐकून घेतलं, मागे गेली आणि प्लास्टिक ओढून काढलं. निळी सायकल तिने स्वतःच दारापर्यंत आणली. कोपऱ्यातला पंप घेऊन ती टायरात हवा भरू लागली.

इरशाद बघत राहिला. दारासमोरून रस्ता थेट नदीकडे उतरत होता, आणि दुपारचे डंपर त्याच उतारावरून धावत होते. पुढचं चाक टणक झालं. मागचंही झालं. एक चक्कर मारून येते, असं म्हणत तिने सीटवर टांग टाकली. त्याने पुढे होऊन दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"ही घेव नका, ताई," तो म्हणाला. "हिचो पुढचो चिमटो बरो नाय. चाक धरता तोच. आतल्या आत तडो जाता, भायरसून दिसणा नाय. खंयच्याय उताराक दगो दितलो."

बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. एका बाईचा जीव वाचला होता, आणि तो आपण वाचवला होता. संध्याकाळी हे सनोबरला सांगायचं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

प्राजक्ता सायकलवरून उतरली. तिने स्टँड लावला आणि हाताची धूळ झटकली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"चवथीच्या आधी. कंपनीचो फोन इल्लो, इकू नको म्हणान. त्या दिवसापासून मी कोणाक तिका हात लावक देवक नाय."

तिचे ओठ किंचित हलले. ती महिने मोजत होती.

"मे महिन्यात तुमच्याकडून हिच्या जोडीची घेऊन गेले ते विनीत परब. मी त्यांची बायको," ती म्हणाली. "तुमच्या त्या फोननंतर महिना उलटल्यावर, दसऱ्याला उतारावर पडले ते उठलेच नाहीत. चिमट्याचे दोन तुकडे झाले होते. सगळे म्हणाले, खड्ड्यामुळे झाले. तुम्ही आज मला ही सायकल विकली असतीत ना, तर सायकलीत खोट नव्हती, खड्डाच होता, असं मानून मी घरी गेले असते."