काडी

गॅदरिंगच्या नाटकात सोनल राजा होणार होती आणि तिचा अंगरखा मी शिवत होते. बोरीहून येणारी तिची एसटी चुकली. मग मी अंगरखा हँगरवर घालून फळ्याच्या खिळ्याला टांगला आणि वर्गाचं दार आतून लावून एकटीच गळपट्टी शिवत बसले.

आमच्या महाळुंग्यात अंगावरचा कपडा शिवायचा झाला, तर घालणाऱ्याच्या तोंडात काडी देतात. आई म्हणायची, "बिनकाडीचं फक्त मढ्याच्या अंगावर शिवत्यात." त्याच सवयीनं मी टांगलेल्या अंगरख्यालाही म्हटलं, "धर काडी." नव्या केरसुणीची एक काडी मोडून त्याच्या गळ्यात खोचली. माझं मलाच हसू आलं.

सोनल आली तेव्हा दुसरी घंटा झाली होती. अंगरखा चढवला, तर गळा ढिला. काढायला वेळ नव्हता. गळ्यातलीच काडी उपसून मी तिच्या दातांत दिली आणि अंगावरच शिवायला घेतलं. ती काहीतरी पुटपुटली.

"बोलू नको, सुई टोचंल," मी खेकसले.

गळा पक्का शिवून मी दोरा तोडला. सोनलनं काडी थुंकली.

"उष्टी काडी दिलीस व्हय गं? आधीच कुणीतरी चावलीय ही."

मी ती तोंडाला लावली नव्हती. उचलून पाहिली. एक टोक सोनलच्या दातांतलं, जेमतेम ओलं झालेलं. दुसरं पार चघळून चोथा झालेलं.

तिसरी घंटा झाली. सोनल स्टेजकडे पळाली.

अंगरखा तिच्या अंगावर शिवून झाला होता, आणि काडी तिची नव्हती.