एकही गोल न खाल्लेला सीझन

क्रोएशियात डिफेंडर म्हणून नाव काढलेला आन्ते टार्निट या उपनगरातल्या आमच्या फुटबॉल क्लबात पहिल्यांदाच मॅनेजर झाला, आणि त्याच महिन्यात लॉकडाऊन लागला. सगळा सीझन रद्द. त्याला ठेवायचं की नाही, हे ठरवायला कमिटी झूमवर बसली.

"माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही, मित्रांनो," आधी तोच म्हणाला. "एकही मॅच जिंकलो नाही."

"एक गोलही खाल्ला नाहीस," सेक्रेटरी विनिफ्रेड म्हणाली. "डिफेंडरला आणखी काय पाहिजे?"

सगळे हसले. आन्ते काही हसला नाही.

"बरं, आता नीट ऐक," ती म्हणाली. "तू रोज झूमवर पोरांचं ट्रेनिंग घेतलंस ना? बायपास झाल्यापासून माझा नवरा बर्नार्ड सोफा सोडत नव्हता. हल्ली आमच्या पोराच्या, मार्कच्या मागे उभा राहून तोही पाय उचलतो."

"दिसतो मला," आन्ते पुढे सरकला. "पण डावा पाय ओढतो तो. तो पाय सरळ करायला अजून वर्ष जाईल."

"लिहून घ्या," विनिफ्रेडने कमिटीला सांगितलं, "कोच वर्षभर थांबतोय."